किरण मोजून द्या, आयुक्तसाहेब

प्रति,
मा. आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका,
महापालिका मार्ग, मुंबई

विषय : साथीच्या काळात एन-९५ मास्क अतिनील किरणांनी निर्जंतुक करून पुन्हा वापरण्याची मोजमापासहित व्यवस्था आधीच उभी करण्याबाबत

महोदय,


कुठलीही साथ चालू नसताना मास्कवर पत्र लिहिणारा माणूस जरा विक्षिप्तच वाटतो, याची मला कल्पना आहे. पण साथ चालू असेल तेव्हा हे पत्र वाचायला आपल्याला उसंत मिळणार नाही, आणि वाचलंत तरी काही उभं करायला वेळ उरलेला नसेल. म्हणून आत्ताच लिहितो आहे.

मी गिरगावात राहतो. माझी नोकरी एका रुग्णालयाच्या निर्जंतुकीकरण विभागात झाली. त्या विभागात पहिल्या दिवशी शिकवतात ते असं, की वस्तू स्वच्छ दिसते म्हणून निर्जंतुक मानायची नाही. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअसच्या वाफेत जाणाऱ्या प्रत्येक ड्रमवर कागदी पट्टी चिकटवलेली असते. तिच्यावरच्या फिक्या रेघा पुरेशी उष्णता लागल्यावर काळ्या पडतात. रेघा काळ्या झाल्या नसतील तर ड्रम परत, मग ऑपरेशन थिएटरमधून कितीही फोन येवोत. नुसत्या पट्टीवरही भागत नाही. उष्णतेला दाद न देणाऱ्या जिवाणूंचे बीजाणू असलेली कुपी अधूनमधून आत ठेवायची, नंतर ती उबवायची आणि काही उगवत नाही ना, ते पाहायचं. कोविडच्या काळात अतिनील किरणांनी मास्क ‘शुद्ध’ करून देणारी उपकरणं शहरभर आली, तेव्हा या पट्टीची चौकशी फारशी कुणी केली नाही. माझं सगळं म्हणणं त्या पट्टीबद्दल आहे.

त्या साथीच्या पहिल्या वर्षाच्या तारखांची एकदा उजळणी करू. केंद्र सरकारनं ३१ जानेवारी २०२० रोजी मास्कची निर्यात थांबवली. ११ मार्चला मुंबईत पहिले रुग्ण सापडले आणि साथरोगांच्या कस्तुरबा रुग्णालयाचं नाव घराघरांत पोचलं. १३ मार्चला मास्क अत्यावश्यक वस्तूंच्या यादीत गेले. ८ एप्रिलला आपल्या महापालिकेनं सार्वजनिक जागी मास्क सक्तीचा केला. राज्य सरकारनं एन-९५ मास्कची किंमत १९ ते ४९ रुपयांच्या दरम्यान बांधून दिली, ती ऑक्टोबरात. म्हणजे सक्ती एप्रिलमध्ये आणि दर ऑक्टोबरात. मधले सहा महिने ज्याला जसं सुचलं तसं त्यानं निभावलं. आमच्याकडच्या चाळींत गॅलरीच्या दोरीवर टॉवेलांच्या शेजारी एन-९५ मास्क चिमटे लावून टांगलेले असायचे. कुणी ते साबणानं धुतलेले, कुणी पातेल्यात उकळलेले, कुणी सॅनिटायझर फवारलेले. एका घरात तर मास्कला इस्त्री केली जायची.

यात लोकांचा दोष नाही. मास्क आतून कसा असतो, हे त्यांना कुणी उघडून दाखवलंच नव्हतं. एन-९५ मास्क कात्रीनं कापून पाहा. वरचं आणि खालचं कापड आधाराला असतं. खरं काम मधला पांढरा, कापसासारखा थर करतो. पॉलिप्रॉपिलीन वितळवून, गरम हवेच्या झोतानं त्याचे अतिशय बारीक तंतू उडवून तो तयार होतो, आणि त्या तंतूंवर कायमचा विद्युतभार बसवलेला असतो. तैवानमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत टेनेसी विद्यापीठात काम केलेले पीटर त्साय यांनी ही भार बसवण्याची पद्धत विकसित केली. २०२० साली निवृत्तीतून उठून ते पुन्हा याच प्रश्नावर कामाला लागले होते. तंतूंच्या जाळीतून सहज निसटून जातील इतके बारीक कणही हा भार ओढून धरतो. अल्कोहोल किंवा साबण लागला की भार उतरतो. मास्क दिसतो तसाच, वासही छान येतो, पण गाळण्याची ताकद गेलेली असते. सॅनिटायझर मारून मास्क ‘जपणाऱ्या’ माणसानं तो आपल्या हातानं निकामी केलेला असतो.

अतिनील किरणांचा मोठा गुण इथेच आहे. मास्क ओला होत नाही, त्यात रसायन जात नाही आणि ठरावीक मात्रेपर्यंत तंतूंवरचा भार शाबूत राहतो. पाऱ्याच्या वाफेच्या नळीतून निघणारे २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण, ज्यांना यूव्ही-सी म्हणतात, विषाणूच्या जनुकीय साखळीतले शेजारशेजारचे दुवे एकमेकांना चिकटवून टाकतात. मग त्या विषाणूला स्वतःची नक्कल काढता येत नाही. ट्रॉम्बेचं आयसोमेड केंद्र १९७४ पासून वैद्यकीय वस्तू गॅमा किरणांनी निर्जंतुक करतं. मास्कही तिथेच का देऊ नयेत, असं कुणालाही वाटेल. पण गॅमा किरणांनी एन-९५ची गाळणक्षमता घटते, हे २०२० मधल्या चाचण्यांत दिसून आलं. तेव्हा यूव्ही-सीची निवड योग्यच होती. चूक झाली ती मोजमापाच्या बाबतीत.

हिशेब सरळ आहे. काचेसारख्या सपाट, उघड्या पृष्ठभागावरचा कोरोना विषाणू निष्प्रभ करायला दर चौरस सेंटिमीटरला काही मिलिज्यूल किरण पुरतात. मास्कला मात्र पृष्ठभागावर किमान १ ज्यूल, म्हणजे १००० मिलिज्यूल द्यावेत, असं अमेरिकेतल्या ‘एन-९५ डिकॉन’ या शास्त्रज्ञांच्या गटानं साहित्य तपासून सांगितलं. इतका फरक का, तर विषाणू मास्कच्या वर बसलेला नसतो, तो थरांच्या आत अडकलेला असतो, आणि आतपर्यंत किरणांचा थोडासाच अंश पोचतो. आता मास्कवर दर चौरस सेंटिमीटरला १ मिलिवॉट तीव्रतेचे किरण पडत असतील, तर १ ज्यूल भरायला १००० सेकंद लागतात, म्हणजे जवळपास १७ मिनिटं. तेही एका बाजूला. बाजारातल्या, तीन मिनिटांत घंटा वाजवणाऱ्या डब्यात त्याच तीव्रतेला १८० मिलिज्यूल जमा झाले, पाचव्या हिश्श्यापेक्षाही कमी. तीव्रता निम्मी असेल तर हिशेब आणखी निम्म्यावर. डब्यावर मिनिटं छापलेली असतात, तीव्रता छापलेली नसते. तीव्रता कळल्याशिवाय मिनिटांना काही अर्थ नाही.

शिवाय हे किरण सरळ रेषेत जातात. वाफ जशी कपड्याच्या घडीत शिरते तसे ते शिरत नाहीत. मास्कच्या फुगीर बाजूंवर ते तिरपे पडतात, नाकाच्या पट्टीखाली सावली राहते, कानामागच्या किंवा डोक्यामागच्या रबराला पीळ पडला की त्याची एक बाजू कोरडीच. गच्चीवरचे पापड आपण उलटवतो तसा मास्कही उलटवावा लागतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात १५ प्रकारच्या एन-९५ मास्कवर इन्फ्लुएन्झाचा विषाणू लावला, वर लाळेसारखा किंवा त्वचेच्या तेलासारखा लेप दिला आणि मग १ ज्यूलची मात्रा दिली. १५ पैकी १२ प्रकारांत मास्कच्या मुख्य भागावरचा विषाणू हजारपटीनं किंवा त्याहून जास्त घटला. रबरी पट्ट्यांच्या बाबतीत तेवढी घट १५ पैकी फक्त सातांत मिळाली. आणि मास्क काढताना आपण हात लावतो तो नेमका त्या पट्ट्यांनाच.

हे काम नीट कसं करायचं, याचा नमुना अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रानं मार्च २०२० मध्ये घालून दिला. एक खोली घेतली, भिंतींना आणि छताला किरण परतवणारा लेप दिला, आडव्या तारा बांधून त्यांवर मास्क टांगले आणि दोन्ही टोकांना यूव्ही-सीचे उभे मनोरे ठेवले. मात्रा मोजणारं उपकरण खोलीत, त्याचा आकडा वाचणारा माणूस बाहेर. प्रत्येक मास्कवर तो वापरणाऱ्याची खूण आणि तो परत त्याच व्यक्तीकडे. या व्यवस्थेत महागडं यंत्र दुय्यम आहे. वही, खूण आणि आकडा वाचणारा माणूस हे तीन घटक नसते, तर ती नुसती निळ्या उजेडाची खोली ठरली असती.

आपल्याला तर नेब्रास्कापर्यंत जायचीही गरज नाही. एप्रिल २०२० मध्ये मुंबईच्या नौदल गोदीनं आपल्या आवारातल्या एका खोलीला आतून ॲल्युमिनियमचे पत्रे लावले, यूव्ही-सी दिव्यांची जोडणी केली आणि हत्यारं, कपडे, किरकोळ सामान निर्जंतुक करायची सोय उभारली. पुढे करंजाच्या नौदल तळावर अशीच सोय झाली, तिथे जोडीला ६० अंशांपर्यंत तापवणारी औद्योगिक भट्टीही होती. ॲल्युमिनियम हे किरण चांगलं परतवतं, म्हणून पत्रे. गोदीतल्या कारागिरांनी टाळेबंदीत, हाताशी असलेल्या सामानातून हे केलं. म्हणजे गोदीच्या लायन गेटच्या आत जे काही आठवड्यांत जमलं, ते परळच्या केईएमला किंवा चिंचपोकळीच्या कस्तुरबाला जमणार नाही, असं म्हणायला जागा नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला काय आहे, तेही सांगतो. आमच्या गल्लीतल्या सलूनमध्ये आरशाखाली यूव्हीची छोटी पेटी आहे. आत निळी नळी जळत असते आणि चार-पाच कंगवे, दोन कात्र्या एकमेकांवर पडलेल्या असतात. वरच्या कंगव्याची वरची बाजू सोडली तर बाकी सगळं सावलीत. पेटीच्या दाराची काच हे किरण अडवते, म्हणून कारागिराचे डोळे वाचतात. तो निळा उजेड म्हणजे अतिनील किरण नव्हेत, अतिनील डोळ्याला दिसतच नाहीत. नळी साधारण आठ-नऊ हजार तासांनी दमते. तेव्हाही निळा उजेड जवळपास तसाच राहतो, कामाचे किरण मात्र घटलेले असतात. गिऱ्हाइकाला नळी चालू दिसते, कारागिराला चालू दिसते, आणि दोघांचंही समाधान होतं. कंगव्याच्या बाबतीत हे खपून जाईल. क्षयरोगाच्या वॉर्डातून बाहेर आलेल्या परिचारिकेचा मास्क अशा पेटीत टाकून उद्या पुन्हा तिच्या तोंडावर चढवायचा, हे मला पटत नाही.

उन्हाबद्दलही एक शब्द लिहायला हवा, कारण गिरगावकरांचा उन्हावर फार विश्वास. तो निराधार नाही. १८७७ साली डाउन्स आणि ब्लंट यांनी उजेडानं जिवाणू मरतात हे दाखवलं. १८९६ साली मांडवीत प्लेग सुरू झाला, तेव्हा कोंदट खोल्यांत ऊन-वारा यावा म्हणून सरकारी माणसांनी घरांची कौलं काढली.  त्याच प्लेगमुळे १८९८ साली बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. गिरगावच्या अंगानं चौपाटीकडे जाणारा सँडहर्स्ट रोड, आताचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग, ही त्याच ट्रस्टची कामगिरी. ट्रस्टचे जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम लावून धरला. समोरच्या इमारतीच्या उंचीच्या निदान निम्मं मोकळं अंतर सुटलं पाहिजे, म्हणजे तळमजल्याच्या खोलीलाही आकाश दिसेल, असा त्याचा अर्थ. प्लेगच्या काळात या शहरात जुलूमही पुष्कळ झाले, त्यांची तरफदारी करायची नाही. पण उजेड हा आरोग्याचा प्रश्न आहे आणि तो अंशांत मोजून नियमात बसवता येतो, हे याच शहरानं शंभरेक वर्षांपूर्वी मान्य केलं होतं.

तरीही ऊन म्हणजे यूव्ही-सी नव्हे. सूर्याचे ते किरण वरच्या ओझोनच्या थरातच शोषले जातात, गॅलरीपर्यंत पोचतात ते सौम्य यूव्ही-ए आणि यूव्ही-बी. उघड्या पृष्ठभागावर त्यांचा उपयोग होतो, मास्कच्या मधल्या थरात त्यांच्यावर भिस्त ठेवता येत नाही. मग सामान्य माणसानं काय करायचं? कापडी मास्क असेल तर साबणानं धुवावा, त्याला किरणांची गरजच नाही. एन-९५ असेल तर चार-पाच मास्क आळीपाळीनं वापरावेत, प्रत्येक मास्क कागदी पिशवीत तीन-चार दिवस सुकू द्यावा. कोविडच्या काळात एम्सनं हीच पद्धत सांगितली होती. दोन्ही उपाय जवळजवळ फुकट आहेत. घरात यूव्हीची पेटी आणायची गरज नाही, आणि हातात धरायची यूव्हीची कांडी तर नकोच नको. त्या किरणांनी डोळे सुजतात आणि कातडी भाजते. हात निर्जंतुक करायला यूव्ही दिवे वापरू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेनंही बजावलं होतं.

‘आता एन-९५ कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळतो, मग कशाला ही उठाठेव’, असा प्रश्न आपले अधिकारी विचारतील. प्रश्न रास्त आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनानंही पुरवठा सुरळीत झाल्यावर ३० जून २०२१ पासून मास्क निर्जंतुकीकरणाच्या आपत्कालीन परवानग्या मागे घेतल्या. पुनर्वापर ही टंचाईतली सोय आहे, तिचा रोजचा रिवाज करू नये, हे मलाही मान्य. पण टंचाई येते ती सगळ्या शहरांवर एकाच आठवड्यात येते. त्या आठवड्यात खोली शोधायची, दिवे मागवायचे, माणसं शिकवायची आणि निविदा काढायची म्हटलं, तर हाताशी तोच तीन मिनिटांचा डबा उरतो.

आणि मुंबईपुरतं बोलायचं तर एक साथ संपलेलीच नाही. शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयातल्या डॉक्टरांना, परिचारिकांना, आयाबाईंना आणि सफाई कामगारांना औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाशी रोज गाठ असते. तिथे एन-९५ रोजचा आहे. हवेतून पसरणाऱ्या संसर्गाच्या नियंत्रणासाठी केंद्रानं २०१० साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये खेळती हवा, डोक्याच्या वर लावायचे यूव्ही दिवे आणि मास्क, तिन्हींचा विचार आहे. म्हणजे आपल्या आरोग्य खात्याला हा विषय नवा नाही. किरण मोजायचा सराव शिवडीला सुरू केला, तर तो वाया जाणार नाही.

तेव्हा माझ्या मागण्या अशा :

१. महापालिकेच्या रुग्णालयांसाठी मास्कचा फिरता साठा ठेवावा. जुना आधी वापरायचा, नवा मागे भरायचा. हा पहिला बचाव. कागदी पिशवीची आळीपाळी हा दुसरा. किरण तिसरे.

२. कस्तुरबा, केईएम, नायर किंवा शीव यांपैकी निदान एका ठिकाणी नेब्रास्काच्या धर्तीची खोली कायम तयार असावी. ती निर्जंतुकीकरण विभागाच्या ताब्यात द्यावी, कारण पुरावा मागायची सवय त्याच माणसांना आहे. किरणांची तीव्रता मोजणारा रेडिओमीटर आणि मात्रा पोचल्यावर रंग बदलणाऱ्या चकत्या या खरेदीत पहिल्या असाव्यात, दिवे नंतर.

३. मळलेला, घामानं चिंब झालेला किंवा सौंदर्यप्रसाधनं लागलेला मास्क किरणांखाली न जाता थेट टाकण्यात जावा. मळाखाली किरण पोचत नाहीत. आपल्या दमट हवेत हा नियम कडक पाळावा लागेल. प्रत्येक मास्कवर नाव आणि फेऱ्यांचा आकडा असावा. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेनं कोविडच्या काळात एक एन-९५ पाचपेक्षा जास्त वेळा घालू नये, असं सांगितलं होतं, कारण विषाणू मेला तरी रबर सैल पडतं आणि गालापाशी फट राहते. म्हणून पुन्हा दिलेला मास्क घट्ट बसतो का, याची तपासणी झाल्याशिवाय कुणाला वॉर्डात पाठवू नये.

४. महापालिकेच्या कार्यालयांत, शाळांत, दवाखान्यांत यूव्ही उपकरण घेताना तरंगलांबी, मास्कच्या अंतरावरची तीव्रता आणि नळीचे तास लेखी मागावेत. जो विक्रेता ते देणार नाही, त्याची निविदा बाद करावी. बाजारावर आपला अधिकार नसेल, स्वतःच्या खरेदीवर आहे.

५. टाकायचा मास्क ७२ तास कागदी पिशवीत ठेवून, कापून मग सुक्या कचऱ्यात द्यावा, ही केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची कोविडच्या काळातली सूचना चाळीचाळीत मराठीतून पोचवावी. तो कचरा हातानं वेगळा करणाऱ्या कामगारालाही चांगला मास्क द्यावा. साथीत घरोघर फिरणाऱ्या आरोग्यसेविका आणि हे कामगार यांची नावं वाटपाच्या यादीत तळाला जातात, ती वर आणावीत.

यात कोट्यवधींचं काही नाही. गणेशोत्सवात ज्या मंडळांच्या हातात गल्लीच्या गल्ल्या असतात, त्यांचे कार्यकर्ते पाचवी मागणी अंगावर घेतील, एवढं मी गिरगावकर म्हणून सांगू शकतो. २०२० साली लालबागच्या राजाच्या मंडळानं मूर्ती न बसवता आरोग्योत्सव केला, रक्त आणि प्लाझ्मा गोळा केला. लोकांची तयारी असते. त्यांना नेमकं काय करायचं, हे सांगणारा अधिकृत कागद लागतो, आणि तो कागद आपल्या सहीनंच निघतो.

पुढच्या अर्थसंकल्पात आरोग्य विभागाची खरेदी यादी प्रसिद्ध होईल, तेव्हा मी ती वाचणार आहे. यूव्ही उपकरणांच्या ओळीखाली रेडिओमीटरची ओळ आहे की नाही, एवढंच पाहणार आहे. ती नसेल तर पुढचं पत्र माहितीच्या अधिकारात येईल.

आपला,
निर्जंतुकीकरण विभागातला एक निवृत्त कर्मचारी
गिरगाव, मुंबई ४०० ००४